नाबोथाच्या गावचे वडीलजन

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. अहाब राजा रुसून तोंड फिरवून पडतो, राणी ईजबेल पत्रे लिहिते, नाबोथ धोंडमार होऊन मरतो आणि एलीया संदेष्टा मळ्यातच राजाला गाठतो. एवढी चारच माणसे बहुधा आपल्या ध्यानात राहतात. परंतु वाचकहो, १ राजे, अध्याय २१ पुन्हा एकदा उघडून मधली काही वचने सावकाश वाचावीत. तेथे आणखीही काही माणसे आहेत. ती म्हणजे इज्रेल नगरातील वडीलजन व प्रतिष्ठित मंडळी. त्यांच्याकडे राजाची मोहोर असलेले पत्र येते. उपासाचा दिवस जाहीर करावा, नाबोथाला लोकांपुढे बसवावे, त्याच्याविरुद्ध दोन खोटे साक्षीदार उभे करावेत आणि मग त्याला नगराबाहेर नेऊन मारावे, असा त्यात हुकूम आहे. वडीलजन सर्व काही पत्रात लिहिल्याप्रमाणे यथासांग पार पाडतात व काम झाल्याचा निरोप राणीला धाडतात.

या माणसांना त्या मळ्यातील द्राक्षांचा एक घडही मिळाल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. नाबोथाशी त्यांचे वैर होते असेही कोठे म्हटलेले नाही. तो तर त्यांच्याच गावचा, रोज वेशीत भेटणारा माणूस. पत्र वरून आले होते, मोहोर खरी होती आणि हुकूम स्पष्ट होता. आजच्या कार्यालयीन भाषेत बोलावयाचे तर प्रकरण नियमानुसार निकाली निघाले.

आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य कोणाच्या ना कोणाच्या नोकरीत जाते. रेल्वे, टपाल खाते, बँक, रुग्णालय, शाळा, कारखाना; गाव अहिल्यानगर असो, नागपूर असो, भोपाळ असो वा हैदराबाद. अहाब होण्याइतकी सत्ता आपल्या हाती सहसा येत नाही, आणि ईजबेलीसारखे कारस्थान रचण्याची आपली कुवतही नसते. आपल्यावर प्रसंग येण्याचा अधिक संभव आहे तो इज्रेलच्या वडीलजनांचा. टेबलावर एक कागद येतो. त्यावर वरिष्ठांची सही असते. खाली आपल्या सहीपुरती जागा मोकळी सोडलेली असते.

हा कागद ओळखावा कसा? अनीती कचेरीत शिरते तेव्हा आपले खरे नाव सांगत नाही. मराठीत लाचेला जितकी लाडकी नावे आहेत तितकी घरातल्या शेंडेफळालाही नसतील. चहापाणी, चिरीमिरी, टक्केवारी, खुशाली. शिवाय कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ‘वजन’ ठेवावे लागते ते वेगळेच. खोट्या हजेरीला ‘सांभाळून घेणे’ म्हणतात, वाढवून लिहिलेल्या मोजमापाला ‘ॲडजस्ट करणे’ म्हणतात, आणि एखाद्या सहकारी भगिनीला नकोशा होणाऱ्या लगटीला ‘थट्टामस्करी’ म्हणतात. एखाद्या व्यवहाराला त्याच्या सरळ नावाने हाक मारावयास कोणीच धजत नाही असे दिसले, की आपण तेथे थांबून नीट पाहावे.

दुसरी खूण याहून पक्की आहे. जे काम तोंडी सांगितले जाते परंतु लेखी मागितले असता सांगणाऱ्याचा चेहरा उतरतो, त्या कामात काहीतरी काळेबेरे आहे असे समजण्यास हरकत नाही. केंद्र सरकारच्या सेवकांसाठी असलेल्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतच अशी तरतूद आहे की वरिष्ठांनी आदेश सामान्यतः लेखी द्यावा, तोंडी आदेश शक्य तो टाळावा, आणि तसा देणे भाग पडलेच तर तो मागाहून लेखी कायम करावा. हाताखालच्या सेवकानेही तसे लेखी मागून घ्यावे असे तो नियम सांगतो. म्हणजे “साहेब, एवढे फाइलीवर लिहून द्यावे” ही विनंती उद्धटपणा नसून कर्तव्य आहे. वर्षानुवर्षे सरकारी नोकरी केलेल्या अनेक बंधुभगिनींना हा नियम ठाऊक नसतो, याचे नवल वाटते. अत्यंत नम्र शब्दांत उच्चारलेल्या या एका वाक्याने किती तरी वाईट कामे जागच्या जागी विरून गेली असतील.

आणि तिसरे, स्वतःला एक प्रश्न विचारावा: या व्यवहारातला नाबोथ कोण? कागदावर तो कधीच दिसत नाही. बिलात सिमेंटची पोती वाढवून लिहिली तर कागदावर नुसता एक आकडा बदलतो. पण जे सिमेंट कामात पडलेच नाही त्याचा हिशेब पुढे त्या पुलावरून जाणाऱ्यांना चुकवावा लागतो. औषधाची मुदत संपलेली पेटी भांडारातून बाहेर पडते तेव्हा ती ज्याच्या उशाशी जाणार त्याचा चेहरा भांडारपालाला दिसत नसतो. या प्रश्नाचा एक लाभ असाही आहे की क्षुल्लक आणि गंभीर यांची गल्लत होत नाही. शिपाई पंधरा मिनिटे लवकर घरी गेला, कोणी कार्यालयाच्या कागदावर मुलाचा अर्ज लिहिला, याने नीतीचा बुरूज ढासळत नाही. अशा बारीकसारीक गोष्टींची टिपणे ठेवणारे काही जण असतात. त्यांच्या शेजारी बसून काम करण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांना ठाऊक आहे, की अशा दक्षतेत पुष्कळदा नीतीपेक्षा असूयाच अधिक असते.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. प्रामाणिक नोकरदारांची आपल्या समाजात वाण नाही. “ते साहेब घेत नाहीत,” अशी ख्याती असलेली माणसे जवळजवळ प्रत्येक मंडळीत सापडतील. मोहाच्या जागी तीस-पस्तीस वर्षे बसून हात स्वच्छ ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि तिला हिणवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण अशा माणसाभोवती कचेरी काय करते ते पाहावे. तो घेत नाही हे कळले, की फाइल त्याच्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागते. त्याचा वाटा इतरांत वाटला जातो. त्याला आवक-जावक विभागात किंवा जुन्या दप्तराच्या खोलीत बसवतात, आणि सगळे त्याच्याशी आदराने वागतात. तपासणी पथक आले की मात्र त्यालाच पुढे करतात, कारण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून पथकाची खात्री पटते. त्याच्या निष्कलंकपणाचा असा एक पडदा होतो व त्याआड सर्व सुरळीत चालते. त्याला हे दिसत असते. तो स्वतःशी म्हणतो, “मी तर काही घेतले नाही.”

हे उत्तर पुरे आहे काय? मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभीच, अशा माणसाचा विचार केलेला आहे की ज्याने पाहिले आहे किंवा ज्याला माहीत आहे, पण साक्ष मागितली असता जो गप्प राहतो. त्याने चोरी केलेली नाही, खोटी शपथ वाहिलेली नाही, तरीही त्याच्या माथी दोष येतो. न घेणे आणि न बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे पुण्य दुसरीच्या खात्यात जमा करता येत नाही, असे मला वाटते.

हा भेद समजण्यास दूरदेशीचा एक प्रसंग फार उपयोगी आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि त्यातील सातही जण मरण पावले. त्यांत एक शाळेची शिक्षिकाही होती. यानाला वर ढकलणाऱ्या घन इंधनाच्या अग्निबाणांच्या सांध्यांत रबराच्या कड्या बसवलेल्या होत्या. थंडीत त्या ताठ होतात व सांधा नीट बंद होत नाही, हे अग्निबाण तयार करणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांना कळून चुकले होते. रॉजर बोझोले या अभियंत्याने तर जुलै १९८५ मध्येच तसे लेखी कळवून प्राणहानीचा इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी दूरध्वनीवर लांबलचक सभा झाली. सुमारे १२ अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानात उड्डाण करू नये, असे अभियंत्यांनी सांगितले. फ्लोरिडात तर त्या रात्री पाणी गोठणार होते. उड्डाण करवून घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना हा सल्ला रुचला नाही. तेव्हा कंपनीच्या वरिष्ठांनी आपसांत बोलण्यासाठी पाच मिनिटे मागून घेतली. त्याचा अर्धा तास झाला. त्या अर्ध्या तासात अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगण्यात आले की त्याने अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालावी. त्याने ती घातली. सल्ला फिरला.

या संमतीपत्रावर सही अपेक्षित होती ती उड्डाणस्थळी हजर असलेले कंपनीचे प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड यांची. त्यांनी सही करण्यास साफ नकार दिला. मग काय झाले? उड्डाण थांबले नाही. युटामधील मुख्य कचेरीतून दुसऱ्या एका वरिष्ठाने सही करून कागद यंत्राने पाठवून दिला. म्हणजे फाइल मॅकडोनाल्ड यांच्या टेबलाला वळसा घालून गेली. त्यांचा हात स्वच्छ राहिला आणि सात माणसे गेली.

मॅकडोनाल्ड तेवढ्यावर थांबले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु काही दिवसांनी चौकशी आयोगाची बैठक चालू असता अभियंत्यांचा मूळ सल्ला धडपणे सांगितला जात नाही असे त्यांच्या लक्षात आले. ते मागच्या बाजूस बसले होते. त्यांना कोणी काही विचारलेलेही नव्हते. त्यांनी हात वर केला आणि आपल्या कंपनीने उड्डाण करू नये असा सल्ला दिला होता, हे आयोगाला सांगितले. कंपनीने त्यांच्या हातातील काम काढून घेतले. पुढे अमेरिकन संसदेतून दडपण आले तेव्हा त्यांना पुन्हा जागेवर घेण्यात आले, आणि त्याच सांध्याची नवी रचना करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले. नकार देण्यात धैर्य होते हे खरेच. पण सत्य उजेडात आले ते न विचारता वर केलेल्या त्या हाताने.

यावरून कोणी उद्याच सकाळी उठून वर्तमानपत्राच्या कचेरीत जावे असे मी सुचवीत नाही. बोलण्याला रीत आहे, आणि रीत सोडून बोललेले सत्य पुष्कळदा वाया जाते. आपण जे स्वतः पाहिले ते आणि जे ऐकले ते, यांची मनात सरमिसळ होऊ देऊ नये. तारीखवार टिपण ठेवावे. दोघातिघांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी हा नियमशास्त्राचा दंडक कचेरीतही तितकाच शहाणपणाचा आहे. एकटा बोलतो त्याला माथेफिरू ठरवता येते, तिघांना ठरवणे अवघड जाते. आणि ज्याचे ते ऐकण्याचे काम आहे त्यालाच सांगावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असे २०१३ चा कायदा सांगतो. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना गैरव्यवहाराची माहिती देण्याची सुरक्षित वाट ठेवणे बंधनकारक केले. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती होऊन लाच देणाराही गुन्हेगार ठरला. मात्र ज्याला ती देणे भाग पाडले गेले त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तर तो त्यातून सुटतो. कंत्राटदाराच्या वतीने पाकीट पोचवण्याचे काम ज्या तरुणांच्या गळ्यात पडते त्यांनी हे सात दिवस लक्षात ठेवावेत.

रीत पाळली म्हणजे सर्व सुरक्षित, असे मात्र सांगता येत नाही. सत्येंद्र दुबे हे कानपूरच्या आयआयटीतून शिकलेले, बिहारमधील एका खेड्यातले तरुण अभियंता. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातील गैरप्रकार त्यांनी पाहिले आणि नोव्हेंबर २००२ मध्ये थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला पत्र लिहिले. आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती त्यांनी पत्रातच केली होती. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी पहाटे गया शहरात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. हा खून लूटमारीतून झाला असे तपास यंत्रणेने मांडले आणि २०१० साली तिघांना जन्मठेप झाली. मारेकऱ्यांच्या हेतूचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. ज्या ज्या टेबलावर ते पत्र गेले त्या प्रत्येक टेबलापाशी एक माणूस बसलेला होता. नाव झाकावे अशी विनंती त्या प्रत्येकाच्या नजरेखालून जाऊ शकत होती. त्यांतल्या कोणी दुबे यांचे वाईट चिंतले असेल असे मला वाटत नाही. त्यांनी शेरा मारला, आवक-जावक नोंद केली आणि कागद पुढे पाठवला. इज्रेलचे वडीलजन असेच दिसत असतील.

या मृत्यूनंतर देशात क्षोभ उसळला. २००४ साली केंद्राने एक ठराव करून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात पाठवण्याची व तक्रारदाराचे नाव गुप्त राखण्याची सोय केली. मात्र निनावी तक्रार तेथे चालत नाही; नाव आत लिहावयाचे, लिफाफ्यावर नाही. २०१४ साली माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला, पण तो अमलात आणणारी अधिसूचना निघण्याची वाट लोक वर्षानुवर्षे पाहत राहिले.

येथे आपल्याच घरातील एका गैरसमजाविषयी लिहिणे भाग आहे. कोणी तक्रार करू लागला की त्याला मत्तयच्या अठराव्या अध्यायाची आठवण करून दिली जाते: आधी बंधूला एकांतात भेटून त्याचा दोष त्याला दाखव. हा मार्ग उत्तम आहे. तापट स्वभाव, कामातील हयगय, एखादा लागलेला शब्द, यांसाठी त्याहून चांगला मार्ग नाही. पण ज्याने हिशेबाची वही बदलली आहे त्याला एकांतात जाऊन सांगणे म्हणजे उरलेली पाने फाडण्यास त्याला सवड देणे होय. आणि ज्या परिचारिकेला वरिष्ठाने त्रास दिला तिला पुन्हा त्याच्याच खोलीत एकटीने जाण्यास सांगणे याला शास्त्राचे पालन म्हणता येणार नाही. शिवाय तो अध्याय एकांतावर संपत नाही. साक्षीदार आणि अखेर सर्व मंडळी, अशा पायऱ्या त्यात आहेत. पहिली पायरी दाखवून पुढच्या झाकून ठेवणाऱ्यांचा हेतू निराळा असतो. आपल्या शाळा, वसतिगृहे, रुग्णालये व मालमत्तेचे विश्वस्त मंडळ येथे हे विशेषेकरून घडते, कारण तेथे “मिशनच्या नावाला काळिमा लागेल” हे वाक्य मोहोर असलेल्या पत्राचे काम करते. सरकारी कचेरीत धीटपणे बोलणारा माणूसही या वाक्यापुढे मान खाली घालतो. काळिमा लागतो तो कृत्याने, सांगण्याने नव्हे. पण हे सांगणारा नेहमी एकटा पडतो.

घरात चार तोंडे आहेत, मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, कर्जाचे हप्ते चालू आहेत. अशा माणसाने राजीनामा फेकून द्यावा काय? ज्याचा पगार पहिल्या तारखेला ठरलेला आहे त्याने दुसऱ्याला असा उपदेश करू नये. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार व शिपाई आले तेव्हा त्यानेही त्यांना नोकरी सोडावयास सांगितले नाही; ठरलेल्याहून अधिक घेऊ नका, कोणाला छळू नका, आपल्या पगारात तृप्त असा, एवढेच सांगितले. आणि ज्या अहाबाच्या मोहोरेने नाबोथ मेला त्याच अहाबाच्या वाड्याचा कारभारी ओबद्या होता. ईजबेल संदेष्ट्यांची कत्तल करीत असता त्याने शंभर जणांना पन्नासपन्नास करून गुहांत लपवले आणि अन्नपाणी पुरवले. तो दरबारात राहिला आणि पगारही राजाचाच घेत राहिला. पण आपण आलो आहोत असे राजाला जाऊन सांग, असे एलीयाने फर्मावले तेव्हा ओबद्याची घाबरगुंडी उडाली. शास्त्र ती भीती लपवीत नाही. त्याने तीनतीनदा बोलून दाखवले की राजा मला ठार मारील. एवढे बोलून झाल्यावर मात्र तो गेला व त्याने राजाला सांगितले. राहावे की सोडावे या प्रश्नाला एकच उत्तर नाही. राहणाऱ्याच्या हातून कोणाला गुहेत आसरा मिळतो आहे काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

उरला प्रश्न आपणा इतरांचा. बोलणाऱ्याची बदली होते, वेतनवाढ रोखली जाते, वर्षाचा गोपनीय अहवाल बिघडतो. हे सर्व तो धरून चालतो. त्याला जे धरून चालता येत नाही ते म्हणजे उपासनेनंतर आवारात त्याच्याशी दोन शब्द बोलणारे कमी होणे, “काय गरज होती?” असे नातलगांनी विचारणे. मंडळीत मदतनिधी असतो, तो आजारपणाला मिळतो, अंत्यविधीला मिळतो. निलंबित झालेल्या माणसाच्या मुलांच्या फीसाठी तो दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपल्यापैकी कोणी वकील आहे, कोणी लेखापाल आहे, कोणी निवृत्त अधिकारी आहे. अशा माणसाचा कागद वाचून “हे असे लिही, याची प्रत ठेव,” असे सांगावयास त्यांना एक संध्याकाळ पुरेल.

रॉजर बोझोले यांनी आयोगापुढे सर्व सांगितले, आपली लेखी टिपणे दिली. त्यानंतर कंपनीतील सहकारी त्यांना टाळू लागले. प्रकृती खालावली आणि त्यांनी ती नोकरी सोडली. त्या आयोगावर सॅली राइड नावाच्या अवकाशयात्री बाई होत्या. १९८३ साली अवकाशात गेलेल्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. आणि चॅलेंजरमध्ये मेलेले लोक त्यांच्याच पेशातले. बोझोले यांची साक्ष संपल्यावर त्यांनी जवळ येऊन त्यांना मिठी मारली. पुढे बोझोले यांनी सांगितले की तसे करणाऱ्या त्या एकट्याच होत्या.